गरजवंताची अक्कल

‘गरजवंताला अक्कल नसते’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ती म्हणताना आपण बहुधा हसतो, आणि हसताना आपण स्वतः गरजवंत नसतो हे उघडच आहे. म्हणीचा सरळ अर्थ एवढाच, की अडलेला माणूस वाटेल त्या अटी मान्य करतो. भाव करीत नाही, मानापमान पाहत नाही. परंतु तिच्यात आणखी एक अर्थ हळूच शिरून बसला आहे. तो असा, की गरजवंताला आपली गरज कोणती हेही कळत नसते. ते देणाऱ्याने ठरवावयाचे असते. पहिला अर्थ दुःखाचा आहे. दुसरा मला घातक वाटतो. कारण जगातल्या पुष्कळशा कचेऱ्या, खिडक्या, अर्ज आणि नोंदवह्या या दुसऱ्या अर्थावर उभ्या आहेत.

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयाला हा विषय रुक्ष वाटेल. पण तो त्या फराळाच्या ताटातच आहे. या दिवसांत घरोघर पाहुणा येतो, त्याच्यापुढे ताट येते आणि आग्रह सुरू होतो. पाहुणा ‘नको’ म्हणतो, आपण त्याचा अर्थ ‘हवे’ असा घेतो आणि आणखी एक लाडू वाढतो. त्याला मधुमेह असेल, तो आधीच तीन घरी फराळ करून आला असेल, किंवा त्याला नुसता कपभर चहा आणि चार शब्द हवे असतील. आपल्या वाढण्यात प्रेम असते यात शंका नाही. तरीही त्या क्षणी आपण त्याचे ऐकत नसतो. आपल्या मनातल्या ‘पाहुणा’ नावाच्या कुणाला तरी वाढत असतो. याउलट घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला कोणाला चकली अधिक तिखट लागते, कोण चिवड्यातले दाणे वेचून खातो, कोणाला तळलेले सोसत नाही, हे सारे न विचारता ठाऊक असते. हे ज्ञान तिला आपोआप मिळालेले नसते. वीस वर्षे तिने पाहिलेले असते, विचारलेले असते, आणि कोणाच्या ताटात काय उरले ते उष्टी काढताना तिच्या ध्यानात राहिलेले असते.

घरात हे साधते. पण ज्याला हजारो अनोळखी माणसांचे पान मांडावयाचे आहे त्याने काय करावे? ग्रंथालय, गावचे दप्तर, रेल्वेचे वेळापत्रक, रुग्णालयातले केसपेपर, आणि आज संगणकावर वा मोबाइलवर चालणारी कोणतीही माहितीची व्यवस्था, ही सगळी अशी अनोळखी माणसांसाठी मांडलेली पाने आहेत. मांडणारा एका जागी, जेवणारा दुसऱ्या जागी; दोघांची बहुधा कधी गाठही पडत नाही. अशा वेळी दुसऱ्याची गरज ओळखणे ही हुशारीची बाब आहे की नीतीची? मला ती आधी नीतीची वाटते आणि मग हुशारीची. असे का वाटते ते सांगण्यासाठी मी प्रथम ग्रंथालयाकडे वळतो. संगणक येण्याच्या कितीतरी आधी माणसाने हा प्रश्न पुस्तकांच्या कपाटापाशी उभे राहून सोडवून पाहिला आहे.

*

इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साखळ्यांनी बांधलेल्या ग्रंथांचे एक जुने ग्रंथालय अजून जतन केलेले आहे. प्रत्येक ग्रंथाला साखळी, आणि साखळीचे दुसरे टोक कपाटाच्या दांडीला. वाचकाने साखळी पुरेल तेवढ्या अंतरात वाचावे, अशी व्यवस्था. आज ऐकणाऱ्याला हसू येते. पण ज्यांनी साखळ्यांची रीत पाडली ते मूर्ख नव्हते. हाताने लिहिलेला एकेक ग्रंथ तयार होण्यास महिनेच्या महिने लागत. तो नाहीसा झाला तर पुढच्या कित्येक वाचकांना तो कायमचा अंतरे. त्या काळी साखळी ही वाचकाचीच सोय होती. खरी गंमत पुढे आहे. छापखाना आला, ग्रंथ स्वस्त झाले, हळूहळू साखळ्याही गेल्या. साखळीची वृत्ती मात्र राहिली. तिने कुलूपबंद कपाटाचे रूप घेतले, चिठ्ठी लिहून पुस्तक मागण्याच्या खिडकीचे रूप घेतले, आणि खिडकीमागे बसून ‘हे कशाला हवे?’ असे विचारणाऱ्या कपाळावरच्या आठीचे रूप घेतले. बहुतेक गैरसोयींना कधीकाळी एक चांगले कारण होते. कारण मरून जाते आणि त्याचे प्रेत आपण नियम म्हणून जपून ठेवतो.

या वृत्तीशी ज्यांनी आयुष्यभर भांडण मांडले ते शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. वर्गात मुलांपुढे बोलण्याची सवय असलेल्या माणसाला त्या निर्मनुष्य कपाटांत करमेना. पुन्हा गणिताकडे जावे असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु विद्यापीठाने त्यांना ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी लंडनला धाडले. तेथे त्यांनी अनेक ग्रंथालये पाहिली, आणि १९२५ साली ते परतले ते वेगळेच होऊन.

पुढे १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांचा आशय एवढाच: पुस्तके वापरण्यासाठी असतात, वाचू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक भेटला पाहिजे, वाचकाचा वेळ फुकट जाता कामा नये, आणि ग्रंथालय हे सजीवासारखे वाढत राहणार, हे धरून चालले पाहिजे. यांतले पहिले सूत्र सापडले त्याची हकीकत मोठी गोड आहे. १९२८ साली रंगनाथन आपल्या मनातला गुंता आपले गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांच्यापुढे मांडीत होते. रॉस यांनी ते ऐकून घेतले आणि त्यांचेच म्हणणे एका छोट्या वाक्यात त्यांच्या हाती परत दिले. तेच पहिले सूत्र. गरजवंत रंगनाथन होते आणि अक्कलही त्यांचीच होती. नीट ऐकणारा कोणीतरी तेवढा हवा होता.

सूत्र ऐकताना वाटते, यात नवे ते काय? पुस्तके वापरण्यासाठी नसतात असे कोण म्हणतो? पण ते मनापासून मान्य केले की एकामागून एक अडचणीचे प्रश्न उभे राहतात. ग्रंथालय वस्तीपासून दूर का? नोकरदार मनुष्य कामावरून सुटतो त्याच वेळी त्याचे दार का मिटते? कपाट इतके उंच का, की ठेंगण्या माणसाचा हात पोचू नये? पुस्तके सुरक्षित कशी राहतील हा जुना प्रश्न होता. ती वाचकाच्या हाती कशी पडतील हा नवा. मधल्या मेजाच्या एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसावे, तसा हा बदल आहे.

आपल्याकडे तो बदल कपाटापाशी थांबला नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. ज्या खेड्यात ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली. ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांच्यासाठी चित्रे आणि पडद्यावरचे खेळ दाखविणारी शाखाही त्याच खात्यात होती. पुढे १९३१ साली तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीतून फिरते ग्रंथालय निघाले. जो दाराशी येऊ शकत नाही त्यालाही गरज असते, आणि जो वाचू शकत नाही तोही जाणून घेऊ इच्छितो, हे कुणाच्या तरी मनात आल्याशिवाय अशा पेट्या भरल्या जात नाहीत आणि अशा गाड्या जुंपल्या जात नाहीत.

*

येथे एक शंका येते. वाचकाची बाजू मनात धरली की काम भागले काय? मला तसे वाटत नाही. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाचे उदाहरण पाहा. त्याने १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरणाची पद्धत आज जगभर चालते. साऱ्या ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा भाग. अशी ती सुटसुटीत मांडणी. तिने वाचकांचा केवढा वेळ वाचविला असेल याची गणती नाही. परंतु त्या दहांपैकी धर्माच्या वर्गात पाहिले तर बहुतेक खोल्या ख्रिस्ती धर्माने व्यापलेल्या, आणि जगातले बाकीचे सगळे धर्म मिळून शेवटच्या एका खोलीत दाटीवाटीने बसवलेले. भारतीय तत्त्वज्ञान तर एका आकड्याच्या दशांशचिन्हानंतर येते. पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्त्या होत गेल्या. पण एकदा बांधलेल्या वाड्याच्या भिंती सहजी हलत नाहीत. ज्या समाजाचे बहुतेक जुने वाङ्मय संतांनी लिहिले, त्याच्या वाचनालयात ज्ञानेश्वरी ठेवावयाची कुठे? धर्मात, तत्त्वज्ञानात की काव्यात? वाचक तर ‘ज्ञानेश्वरी कुठे आहे?’ एवढेच विचारतो.

ड्यूईला मी दोष देत नाही. तो अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करीत असताना ही पद्धत घडली. समोरचे विद्यार्थी कोण आहेत आणि काय वाचतात, हे त्याला चांगले ठाऊक होते. आपल्या माणसांची गरज त्याने उत्तम ओळखली होती, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. आपण ज्यांना ओळखतो त्यांनाच आपण ‘सगळे’ समजतो. शहरातला मनुष्य खेड्यासाठी, तरुण म्हाताऱ्यांसाठी, धडधाकट आंधळ्यासाठी आराखडा काढू लागला की त्याच्या डोळ्यांपुढे शेवटी तो स्वतःच उभा असतो. ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ या म्हणीत आपण उंटावरच्याला आळशी ठरवतो. पण तो पुष्कळदा मोठा कष्टाळू असतो. फक्त उंटावरून शेळीचा चेहरा दिसत नाही.

*

मग सरळ विचारावे, हा उपाय उरतो. ज्याची गरज त्याला विचारा, तो सांगेल. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ ही म्हण याच बाजूची आहे. पण विचारणेही वाटते तितके सोपे नाही. १९६८ साली रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकाने ग्रंथालयात येणाऱ्या प्रश्नांचा विचार करताना गरजेच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रथम मनात नुसती एक बोचणी असते. तिला नाव नसते. मग ती माणसाच्या ध्यानात येते, पण अंधुकपणे. ती सांगताना तो अडखळतो. तिसऱ्या पायरीवर तो तिचा नीट प्रश्न बनवतो. आणि चौथ्या पायरीवर तो प्रश्न खिडकीला चालेल असा कापूनछाटून घेतो. आपल्या कानावर येतो तो हा चौथा, तडजोडीचा प्रश्न. माणूस जे हवे ते मागत नाही. येथे जे मिळण्यासारखे आहे असे त्याला वाटते ते मागतो.

एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात मी हे पाहिले आहे. एक मध्यम वयाच्या बाई खिडकीशी आल्या आणि ‘आयुर्वेदावरचं एखादं पुस्तक द्या’ म्हणाल्या. तेथले ग्रंथपाल उठून आयुर्वेदाच्या कपाटाकडे गेले असते तर त्यांचे काम चोख झाले असते. पण ते सहज म्हणाले, ‘बसा ना ताई. कोणासाठी हवंय?’ बाई थोड्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, सासऱ्यांसाठी. मग म्हणाल्या, त्यांना साखर निघाली आहे. आणि अखेर कळले ते असे, की डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला होता, तो इंग्रजीत होता, आणि तो आपल्याला समजत नाही हे घरात सांगण्याची त्यांना लाज वाटत होती. त्यांना पुस्तक नकोच होते. ग्रंथपालांनी कागद वाचून दाखवला, मराठीत लिहून दिला, आणि वर मधुमेहाच्या आहारावरचे एक छोटे पुस्तक दिले. या सगळ्याला दहा मिनिटे लागली.

या दहा मिनिटांत मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, गरज ही खिशातल्या नाण्यासारखी तयार नसते, की मागितली आणि काढून दाखवली. ती बोलता बोलता आकार घेते, आणि आकार घेण्यासाठी तिला समोर ऐकणारा माणूस लागतो. दुसरी गोष्ट लाजेची. अज्ञान उघडे करावे लागते तेव्हा माणूस फार कोवळा होतो. त्या वेळी त्याला ‘नीट सांगा, रांग थांबली आहे’ असे म्हणणारी व्यवस्था त्याच्यावर हात उगारीत नाही, शिवी देत नाही. तरी तो दुखावून परततो आणि पुन्हा येत नाही. म्हणून मी हा प्रश्न नीतीचा म्हणतो.

*

ऐकून घेतल्यावरही देणाऱ्यापुढे एक मोह उभा असतो. त्याचे सर्वांत जुने चित्र मला कठोपनिषदात दिसते. नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसून राहिला. यम बाहेर गेलेला होता. कचेरीत साहेब नसण्याची ही कथा किती पुरातन आहे पाहा! यम परतला, ओशाळला आणि त्याने तीन वर दिले. तिसऱ्या वराच्या वेळी मुलाने मरणापलीकडे काय असते हे विचारले. तेव्हा यमाने त्याला दीर्घायुष्य, पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने असे सगळे देऊ केले. हा प्रश्न सोडून दुसरे काहीही माग, म्हणाला. बहुतेक लोक जे मागतात ते त्याच्याकडे तयार होते. मुलगा प्रश्न सोडीना. शेवटी यमाने प्रश्न मान्य केला, आणि श्रेय व प्रेय यांतला भेद सांगून उत्तराला आरंभ केला.

देणारे बहुधा दोन प्रकारांनी चुकतात. एक प्रकार प्रेय पुढे करणाऱ्यांचा: जे पुष्कळांना आवडते ते घ्या, आणि अडचणीचे विचारू नका. दुसरा प्रकार श्रेयाचा मक्ता घेणाऱ्यांचा. सार्वजनिक ग्रंथालयांच्या इतिहासात, कादंबऱ्या ठेवाव्या की न ठेवाव्या, यावर एकोणिसाव्या शतकात मोठे वाद झाले आहेत. वाचकाने चरित्रे वाचावी, विज्ञान वाचावे. कादंबरीने तो बिघडेल, असे सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण दिवसभर गिरणीत उभे राहून आलेल्या माणसाला संध्याकाळी काय हवे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता? ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ असे आपण कौतुकाने म्हणतो. देवाचे ठीक आहे. माणसे आंधळ्याला न मागितलेला चष्मा देतात, आणि तो वापरीत नाही म्हणून त्याच्यावर रागावतात.

या दोहोंमधली वाट अरुंद आहे. मागेल तेच देणे हा निष्काळजीपणा होऊ शकतो, आणि मागणे बाजूला सारून हिताचे देणे हा उद्दामपणा होऊ शकतो. यमाने शेवटी जे केले ते मला योग्य वाटते. आपल्याला ठाऊक असलेला भेद त्याने मुलापुढे मांडला आणि निवड मुलाकडे ठेवली.

*

आतापर्यंत पुस्तकांविषयी बोललो. तेथे चूक झाली तर फार तर एक संध्याकाळ वाया जाते. पण माहितीच्या काही व्यवस्था अशा आहेत, की त्यांच्यावर माणसाची भाकर अवलंबून असते.

आपला सातबारा घ्या. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या हक्काची ते, आणि गाव नमुना बारामध्ये तिच्यात काय पिकले ते. दोन्ही एका कागदावर आली म्हणून सातबारा. या दप्तराची मुळे जमीन महसुलात आहेत. सारा कोणाकडून घ्यावयाचा, हे सरकारला कळावे म्हणून रकाने पडले. शेतकऱ्याच्या गरजा मागाहून त्या रकान्यांभोवती गोळा झाल्या: बँकेचे कर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई. मूळ कागद एकाच्या गरजेसाठी आखला आणि अडले दुसऱ्याचे. शेतात जन्मभर राबणाऱ्या बाईच्या कष्टाला त्या कागदावर रकाना नाही. तिच्या नावे हक्क असेल तरच ती तेथे दिसते. रकाना निरुपद्रवी दिसतो, पण जे विचारलेच गेले नाही ते दप्तराच्या लेखी घडलेलेच नसते.

पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत असे. २०२१ सालापासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ आली आणि शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करावी, अशी सोय झाली. यामागचा विचार मला उदात्त वाटतो; ज्याचे पीक त्याच्या हाती लेखणी. मात्र लेखणी हाती देताना हात कोणाचा आहे तेही पाहावे लागते. ज्याच्याकडे तसला फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, ज्याला पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नाहीत, त्याला दिलेला अधिकार त्याच्यावर टाकलेले ओझे होतो. मग तो शेजारच्या पोराला हाक मारतो, आणि ते पोर हीच त्याची माहितीची व्यवस्था होते.

याहून जिव्हारी लागणारे उदाहरण रेशनच्या दुकानातले. तेथे अंगठा टेकवून ओळख पटवण्याचे यंत्र आले. ज्यांनी जन्मभर विटा वाहिल्या, माती खणली, भांडी घासली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्राला त्या ओळखू येत नाहीत. असे अनुभव देशाच्या अनेक भागांतून नोंदले गेले आहेत. डोळ्याच्या बाहुलीवरून वा फोनवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवण्याच्या वाटा आहेत, पण त्या प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक हातात असतातच असे नाही. धान्याची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याचेच बोट यंत्राला सर्वांत कमी ओळखीचे! हे कोणी दुष्टपणाने केलेले नाही. यंत्र आखताना डोळ्यांपुढे जे बोट होते ते कदाचित कागदावर काम करणाऱ्याचे होते, एवढेच.

*

आजची यंत्रे याच्या पुढे गेली आहेत. ती म्हणतात, तुम्ही सांगण्याची आवश्यकताच नाही, आम्ही ओळखतो. आपण दोन अक्षरे टाइप करतो आणि यंत्र उरलेला प्रश्न पुरा करून दाखवते. सोय खरीच आहे. मीही ती रोज घेतो. पण टेलरच्या चार पायऱ्या आठवल्या की मनात येते, बोचणीचा प्रश्न होण्याच्या आतच दुसऱ्या लाखो लोकांचे प्रश्न आपल्यापुढे मांडले जातात, आणि आपण त्यांतला एक जवळचा उचलतो. उत्तर चटकन मिळते. ते आपल्याच प्रश्नाचे होते की नाही, हे पाहावयाला कोणी थांबत नाही. नचिकेत्याने पहिला शब्द उच्चारताच यमाने पुढे ‘हत्ती, घोडे, सोने’ असे पुरे करून दाखवले असते, तर उपनिषद तेथेच संपले असते.

यंत्र आपल्याला पाहते, यात वाद नाही. घरातली ती वडीलधारी बाईही पाहत होतीच. पण ती ताटात काय उरले तेही पाहत असे. यंत्र बहुधा आपण काय उचलले तेवढे मोजते. जे हवे होते आणि मिळाले नाही त्याचा माग काढणे त्याला अवघड जाते. आणि जो पंगतीला आलाच नाही त्याची तर दोघांनाही खबर नसते. त्या बाईत आणखी एक गुण होता. तिचा अंदाज चुकला तर ‘काकू, आज नको’ असे तिला म्हणता येत असे, आणि ती ऐकत असे.

न येणाऱ्यांविषयी एक मार्मिक गोष्ट कॅल्व्हिन मूअर्स या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९६० साली लिहिली आहे. तिचा आशय असा, की माहिती जवळ असणे हे ती नसण्यापेक्षा जेथे अधिक तापदायक होते, तेथे लोक माहितीची व्यवस्था वापरीत नाहीत. प्रथम हे विचित्र वाटते. पण रक्त तपासून घेतल्यानंतर अहवाल आणावयास न जाणारी माणसे आपण पाहिली आहेत. पाकीट आणून न फोडता कपाटात ठेवणारीही पाहिली आहेत. माहिती आली की ती समजून घ्यावी लागते, तिच्याप्रमाणे वागावे लागते, कधी इतकी वर्षे केलेले चुकीचे होते असे मान्य करावे लागते. अशा माणसाला माहिती अधिक वेगाने पोचवून काय उपयोग? त्याला शेजारी बसून पाकीट फोडणारे कोणीतरी हवे असते. हीदेखील गरजच आहे, आणि कोणत्याही अर्जात तिला रकाना नाही.

*

तेव्हा दुसऱ्याची गरज पूर्णपणे कळणे अशक्य आहे, असे म्हणून हात झटकावेत काय? तसे म्हणणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. त्या ग्रंथपालांना दहा मिनिटांत कळली. सयाजीरावांच्या पेट्या भरणाऱ्यांना न भेटलेल्या खेडुतांची थोडीबहुत कळली. त्यांच्यापाशी काही सिद्धी नव्हती. आपल्याला अजून कळलेले नाही, हे धरून ते चालले. रंगनाथनांचे पाचवे सूत्र मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. ग्रंथालय वाढते असते, याचा अर्थ नुसती पुस्तकेच वाढतात असा नाही. वाचकही वाढतात, बदलतात, आणि कालचा अंदाज आज खोटा पडतो. व्यवस्था आखणाऱ्याने आपला आराखडा कधीच पुरा झालेला नसतो असे मानावे, आणि आराखड्याविरुद्ध बोलणाऱ्याला बसावयास खुर्ची ठेवावी.

पुष्कळ वाचनालयांत वाचकांच्या सूचनांची एक वही टांगलेली असते. तिच्यात हवी असलेली पुस्तके लिहावयाची. मला वाटते, अशी एक वही प्रत्येक कचेरीत, प्रत्येक दुकानात आणि मोबाइलवरच्या प्रत्येक व्यवस्थेत असावी, आणि तिच्यात एवढेच लिहिले जावे: आज कोण काय मागावयास आले होते, आणि रिकाम्या हाताने का परत गेले. किती जणांचे काम झाले ते सांगणारे तक्ते साहेबांच्या मेजावर असतातच. ही दुसरी वही मात्र महिन्यातून एकदा त्यांनी स्वतः, मोठ्याने वाचावी. तिच्यातले अक्षर वेडेवाकडे असेल, मागणे अर्धवट असेल, काही ठिकाणी नुसता राग असेल. पण पुढच्या महिन्यात काय सुधारावयाचे ते त्याच ओळींत लिहिलेले सापडेल, आणि ते गरजवंतानेच सांगितलेले असेल.